फाइल उघडते, मजकूर उघडत नाही

सप्टेंबर लागला की शिरूर आणि दौंडच्या डीटीपीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० तारखेच्या आत उरकायच्या असतात आणि त्याआधी सभासदांच्या हातात अहवाल पडायला हवा असतो. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था यांची इथे दाटी आहेच, शिवाय न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा ही सहकारी साखर कारखान्यांची परंपराही याच पट्ट्यातली. अहवालाचं एक बरं असतं. त्यातला बराचसा मजकूर दरवर्षी तोच असतो. ऑपरेटर गेल्या वर्षीची फाइल उघडतो, साल बदलतो, आकडे बदलतो, एखादं नाव संचालकांच्या यादीतून श्रद्धांजलीच्या यादीत हलवतो. रकाने, चौकटी, जाड-बारीक रेघा जिथल्या तिथे असतात.

ही फाइल कित्येक ठिकाणी अजून पेजमेकरची असते.

पेजमेकर बंद होऊन वीस वर्षं उलटली. सिएटलच्या अल्डस कंपनीनं तो १९८५ मध्ये आणला. पंधराव्या शतकातल्या व्हेनिसच्या अल्डस मॅन्युशिअस या मुद्रकाचं नाव तिनं घेतलं होतं. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’, म्हणजे आपलं डीटीपी, हा शब्द रूढ केला तोही याच कंपनीच्या पॉल ब्रेनर्ड यांनी. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीनं अल्डस घेतली, १९९९ मध्ये स्वतःचा इनडिझाइन काढला, २००१ मध्ये पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती आली आणि २००४ मध्ये त्याचा पुढचा विकास थांबवल्याचं कंपनीनं सांगून टाकलं. जुन्या गिऱ्हाइकांनी इनडिझाइनकडे यावं म्हणून पेजमेकरवाल्यांसाठी त्याची खास आवृत्तीही काढली. एवढ्यावर कंपनीच्या लेखी विषय संपला.

घोडनदीच्या काठी तो संपला नाही. तसा तो लातूरला, जळगावला किंवा बेळगावलाही संपलेला नाही. मी शिरूर-दौंडचं नाव घेतो ते या दोन्ही गावांत माझं जाणं-येणं आहे म्हणून, आणि हा प्रश्न कुणाच्या पोटावर येतो ते तालुक्याच्या गावात लख्ख दिसतं म्हणूनही. मोठ्या वर्तमानपत्रांनी केव्हाच नव्या यंत्रणा बसवल्या. पुण्यातल्या प्रकाशकांच्या हाताशी जाणकार माणसं होती. मागे राहिला तो लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, बैलगाडा शर्यतीची बक्षिसांची यादी, शाळेची स्मरणिका आणि पतसंस्थेचा अहवाल करणारा माणूस. दोन खुर्च्या, एक लेझर प्रिंटर आणि बटर पेपरचा गठ्ठा एवढंच त्याचं भांडवल.

अशा माणसाविषयी शहरातले जाणकार दोनपैकी एक सूर लावतात. ‘नवीन शिकायलाच नको यांना’, हा पहिला. दुसरा जरा हळवा: ‘किती निष्ठावान बघा, अजून जुनंच धरून बसलेत.’ मला दोन्ही पटत नाहीत. ही निष्ठा सॉफ्टवेअरवर नाहीच. ती आहे बोटांच्या सवयीवर आणि साठलेल्या फाइलींवर. आणि या दोन्ही गोष्टी पेजमेकरमध्ये अडकल्या त्याचं कारण पेजमेकरपेक्षा आपल्या देवनागरीच्या सोयीत जास्त आहे.

पेजमेकरला मराठी कधी येतच नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरं तेवढी कळत. तेव्हा आपल्याकडच्या हुशार मंडळींनी एक युक्ती काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका जागी अर्धा श, एका जागी काना, एका जागी वेलांटी. संगणक समजतो आपण इंग्रजी छापतोय, कागदावर उमटतं मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश हे फॉन्ट, टायपिंगच्या क्लासात रुळलेला कृतिदेव, सगळ्यांचं मूळ तत्त्व हेच. फरक इतकाच की कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं.

कृतिदेवात ‘शिरूर’ लिहिलं तर फाइलमध्ये काय साठतं पाहा: एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, अपूर्णविराम, जे. ‘दौंड’ साठतं ते एन, के, मोठा एस, ए, मोठा एम असं. फॉन्ट आहे तोवर हे शिरूर आणि दौंड. फॉन्ट उडाला की नुसता चिवडा. त्याच मजकुराला दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला तर तिसरंच काहीतरी दिसतं, कारण त्या कंपनीनं ‘एफ’च्या जागी वेलांटी बसवलेलीच नसते.

‘शिरूर’ची सुरुवात इथे वेलांटीनं झाली आहे, श नंतर आला आहे. हे टायपरायटरचं वळण. रेमिंग्टनच्या कळपट्टीवर आधी पहिली वेलांटी मारायची, मग अर्धा श, मग काना. बोटं आकार मारतात, उच्चार नाही. टायपिंगच्या क्लासमध्ये मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देऊन जी पिढी नोकरीच्या रांगेत उभी राहिली, तिच्यातलेच पुष्कळ जण पुढे डीटीपीत आले, आणि त्यांना कळपट्टी बदलावी लागली नाही हेच या फॉन्टांचं मोठं आकर्षण होतं. शिरवळच्या कारखान्यात गोदरेजनं टायपरायटरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं. यंत्र गेलं, पण त्याची कळपट्टी बोटांत राहिली.

खेदाची गोष्ट अशी की नीट वाट तेव्हाही उपलब्ध होती, आणि तीही पुण्यातच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं पुढे नेलं. भारतीय भाषांची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिच्यात आणि तिच्यासोबतच्या इनस्क्रिप्ट कळपट्टीत साठवलं जातं ते अक्षर, त्याचा तुकडा नाही. आधी श, मग वेलांटी. युनिकोडनं देवनागरी घेतली ती याच पायावर, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. म्हणजे योग्य उत्तर आणि चुकीचं उत्तर एकाच सुमारास बाजारात होती. चुकीचं जिंकलं, कारण पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्यासोबत चालत होतं ते चुकीचंच. छापखान्याला उद्या सकाळी पत्रिका द्यायची असते. मानकाच्या पायावरची पत्रिका वीस वर्षांनी देतो, असं तो वधूपित्याला सांगू शकत नाही.

वीस वर्षं हे मी उगाच म्हटलेलं नाही. विंडोज २००० सोबत देवनागरी युनिकोड आणि मंगल फॉन्ट आला. मंगल घडवला तो र. कृ. जोशींनी, म्हणजे मराठी सुलेखनातल्या एका मोठ्या माणसानं. तरी त्यात दिसणारे ल आणि श हिंदी वळणाचे होते, आणि ‘हा आपला ल नाही’ म्हणून गिऱ्हाईक पत्रिका परत करतं, ही गोष्ट कुठल्याही ऑपरेटरला विचारा. पण वळणाचा प्रश्न त्या मानानं किरकोळ. खरी अडचण मांडणीच्या सॉफ्टवेअरची होती. इनडिझाइनमध्ये मराठीसह भारतीय भाषांची जुळणी उघडपणे, वेगळं काही न जोडता मिळाली ती सीएस-६ मध्ये, २०१२ साली. कोरलड्रॉचं अक्षरयंत्रही त्याच वर्षी, एक्स-६ मध्ये बदललं. पेजमेकर थांबला २००४ मध्ये. ‘आता इकडे या’ असं कंपनी म्हणाली त्यानंतर आठ वर्षं त्या ‘इकडे’ मराठीला धड बसायला जागा नव्हती.

यावर कुणी म्हणेल, इनडिझाइनमध्येही जुने फॉन्ट चालत होतेच की. चालत होते. पण मग जायचं कशासाठी? तोच एफ-अवतरण-के, त्यासाठी जड मशीन, जास्त रॅम, नवी किंमत, आणि हातात येणारा कागद अगदी तसाच. तालुक्याच्या माणसानं हिशेब केला आणि तो जागेवर थांबला. हिशेब बरोबर होता असंच मला वाटतं. चूक निघाली ती पुढे, मधल्या काळात दुसराच दरवाजा बंद झाला तेव्हा. पेजमेकर ६.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांच्या फाइली इनडिझाइनला सीएस-६ पर्यंत उघडता येत. २०१३ मध्ये अ‍ॅडोबी वर्गणीवर गेली, आणि त्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या इनडिझाइनमधून ही सोय गेली. म्हणजे ज्या आवृत्तीत मराठी नीट आलं, तीच जुनं सामान आत घेणारी शेवटची आवृत्ती ठरली. वर्षभराची ती फट होती. तेवढ्यातून निसटायला हवं होतं, पण ती फट आहे हे कुणी सांगितलं?

सांगणार तरी कुणाला? इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. यातले बहुतेक पेजमेकर विकत घेतलेले नव्हते. एकानं सीडी आणली, दहा जणांनी उतरवली. अ‍ॅडोबीच्या वहीत या माणसांचं नाव नाही, म्हणून तिचा निरोपही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांना पेजमेकर ‘बंद’ झाल्याचं कळलं ते हार्ड डिस्क गेल्यावर नव्या मशीनवर तो धड चालेना तेव्हा. हे चोरीचं समर्थन नाही. पण गंमत बघा, याच माणसांनी मराठी फॉन्ट मात्र पुष्कळदा पैसे मोजून घेतले होते, कारण त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. श्रीलिपीसारख्या पॅकेजसोबत ‘लॉक’ यायचं. संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टात खोचायचा अंगठ्याएवढा ठोकळा. तो नसेल तर फॉन्टाचा कारभार चालत नसे. पुढे नव्या मशीनांना प्रिंटर पोर्टच येईनासा झाला. यूएसबीची लॉकं आली, पण जुनं देऊन नवं घ्यायचं तर पुन्हा पैसे आणि पुन्हा पुण्याची फेरी. त्यामुळे खूप दुकानांत एका कोपऱ्यात एक पिवळट पडलेलं मशीन असतं. त्यात विंडोज एक्सपी, ज्याला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी शेवटचा रामराम केला. त्याला इंटरनेट लावत नाहीत, धूळ लागू देत नाहीत, आणि पोरांना त्याला हात लावू देत नाहीत.

सॉफ्टवेअर बंद होणं आणि माणसं मागे राहणं हे जगभर घडतं. फ्रीहँड हा चित्रकारांचा लाडका प्रोग्राम असाच अ‍ॅडोबीच्या पोटात गेला. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतली तेव्हा तो सोबत आला आणि २००७ मध्ये त्याचा विकास थांबल्याचं जाहीर झालं. पण फ्रीहँडवाल्यांनी संघटना काढली, २०११ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. प्रोग्राम काही परत आला नाही. तरी ‘आम्ही आहोत’ एवढं तरी त्यांना सांगता आलं. घरगुती फोटोंचा पिकासा २०१६ मध्ये गेला, मूव्ही मेकर २०१७ च्या जानेवारीत, फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला. मायक्रोसॉफ्ट पब्लिशरची पाळी ऑक्टोबर २०२६ ची असल्याचं आधीच सांगून ठेवलं गेलं आणि फाइली पीडीएफमध्ये करून ठेवण्याचा सल्लाही मिळाला. वर्गणीवर पब्लिशर वापरणाऱ्यांना त्यानंतर आपली फाइल त्यात उघडताही यायची नाही. पेजमेकरच्या माणसाकडे निदान सीडी तरी आहे. वर्गणीच्या जमान्यातल्या माणसाकडे तीही नाही. या एका बाबतीत मागासलेला कोण, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो.

छपाईच्या धंद्यात अशी उलथापालथ पहिलीच आहे असंही नाही. दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. खिळे जुळवणाऱ्याला आपल्याकडे जुळारी म्हणत. त्याच्या बोटांना केसमधला प्रत्येक कप्पा न बघता ठाऊक असे. ऑफसेट आणि डीटीपी आलं तेव्हा जुळारी असाच मागे राहिला. कुणी बाइंडिंगला बसला, कुणी प्रूफं तपासू लागला, कुणी गावी गेला. कौशल्य वाया जाण्याचं दुःख दोघांचं सारखंच, पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जुळाऱ्याचे खिळे वितळवले तरी त्यानं छापलेलं पुस्तक कुणालाही वाचता येतं. डीटीपीवाल्याचं काम छापूनही झालेलं असतं आणि फाइलमध्येही राहिलेलं असतं. त्यातली छापलेली प्रत रद्दीत जाते. अहवाल, स्मरणिका, पत्रिका जपून ठेवतं कोण? राहते ती फाइल, आणि तिच्यात असतं एफ-अवतरण-के.

तालुक्याचा गेल्या तीस वर्षांचा लहानसहान इतिहास अशा फाइलींत पडून आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतल्या पहिल्या तुकडीच्या आठवणी, बंद पडलेल्या साप्ताहिकाची पानं, भजनी मंडळानं गोळा करून छापलेली गाणी, दुष्काळात सोसायटीनं वाटलेल्या कर्जाचे तपशील. यातलं एकही नाव संगणकाला शोधून सापडणार नाही, कारण संगणकाच्या लेखी ते नावच नाही. ग्रंथालयांनी जुनी पुस्तकं स्कॅन केली, त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं. १९२४ च्या ग्रंथाची काळजी घेणारे आहेत. १९९८ च्या स्मरणिकेचं कुणाच्या मनातही येत नाही. ती ‘जुनी’ वाटत नाही ना!

मग वाटा कोणत्या? पहिली, परिवर्तकाची. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये फिरवणारी साधनं बरीच आहेत, काही फुकटही आहेत. साधा मजकूर त्यांतून चांगला उतरतो. पण मराठीत एक खोच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फक्त र च्या रूपाचा फरक, अर्थ मात्र एकीकडे गुरुजी आणि दुसरीकडे स्वयंपाकी. तुकड्यांच्या फॉन्टात रफार वेगळा तुकडा आणि हा आडवा र वेगळा, त्यामुळे तिथे घोळ नव्हता. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांना आडव्या र ची फिकीर नसते. परिणामी ‘दऱ्या’ समुद्र होतात. वेलांट्या एक घर सरकतात. म्हणजे फिरवलेलं प्रत्येक पान प्रूफासारखं वाचावं लागतं, आणि जुन्या अहवालाची प्रूफं वाचायचे पैसे कोण देणार?

दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची. स्क्रायबस हा फुकटचा मांडणीचा प्रोग्राम आता देवनागरी नीट जुळवतो आणि पेजमेकरची फाइल उघडायचा प्रयत्नही करतो. बंद पडलेल्या प्रोग्रामांच्या फाइली वाचता याव्यात म्हणून काही स्वयंसेवकांनी फ्रीहँड, कोरल, पब्लिशर, पेजमेकर यांची कुलपं एकेक करून उघडली आहेत. मोठं काम आहे ते. पण चौकट उघडली तरी आतला मजकूर त्याच जुन्या फॉन्टातला, म्हणजे पुन्हा परिवर्तकाच्या दारात. फॉन्टांची टंचाई मात्र आता पूर्वीसारखी उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू यांच्यासारखे फॉन्ट फुकट मिळतात, आणि ल-श च्या वळणाची तक्रारही बरीच मिटली आहे. पत्रिकेसाठी लागणारी नक्षीदार, लफ्फेदार अक्षरं म्हटली की अजून जुन्या सीडीच शोधल्या जातात.

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित: जुनं मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवणं, फॉन्ट आत गुंडाळून. त्यात शोध लागणार नाही, पण डोळ्यांना वाचता येईल. पुढे केव्हातरी चित्रावरून अक्षर ओळखणारी यंत्रणा ती वाचेल, आज मराठी छापील पानं बऱ्यापैकी वाचते तशी. तालुक्याच्या ग्रंथालयांनी, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी उन्हाळ्याच्या सुटीत चार मुलं अशा दुकानांत बसवली तर हे काम होण्यासारखं आहे. त्याला पैसे फारसे लागत नाहीत. त्या मशीनला हात लावू देण्याइतका विश्वास तेवढा कमवावा लागतो.

दरम्यान धंदा उलट्या दिशेनं चाललाय. गिऱ्हाईक आता कागदावर मॅटर लिहून आणत नाही. नवरदेवाचा भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, बोटानं किंवा बोलून लिहिलेलं स्वच्छ युनिकोड मराठी. ऑपरेटर ते मोबाइलवरून संगणकावर घेतो, परिवर्तकात टाकतो, बटण दाबून त्याचे एफ, अवतरण आणि के करतो, आणि पेजमेकरच्या चौकटीत ओततो. परिवर्तकानं काही मोडलं तर ते टायपायला त्याला क्षण लागत नाही. आधी वेलांटी, मग अर्धा श, मग काना.